विलायतेतली करी

इंग्लंडमधली करीची पहिली छापील कृती १७४७ सालची मानली जाते. हॅना ग्लास या बाईंच्या 'द आर्ट ऑफ कुकरी मेड प्लेन अँड ईझी' या पुस्तकात ती आहे. दोन कोंबड्या किंवा ससे घेऊन त्यांचे लहान तुकडे करायचे, तीन-चार छोटे कांदे अगदी बारीक चिरायचे, तीस मिरे मोजून घ्यायचे आणि मोठा चमचाभर तांदूळ घालायचा. धणे भाजायला तवा नाही, तर स्वच्छ फावडे विस्तवावर धरायचे आणि त्यावर धणे तांबूस करून कुटायचे. हे सगळे मीठ-पाण्यात मंद शिजवून शेवटी अक्रोडाएवढे लोणी सोडायचे, की झाली 'इंडिया'च्या पद्धतीची करी. हळद, आले पुढच्या आवृत्त्यांत आले. मिरचीचा पत्ता नाही. मराठी घरात हा प्रकार कोणी केला तर त्याला कोंबडी घातलेली पातळ खिचडी म्हणतील. तरीही लंडनच्या ज्या गृहिणीने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता, तिची भारतीय जेवणाशी पहिली ओळख अशीच झाली.

करीला मागणी आली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांकडून. सुरतेची वखार, मग मुंबई, मद्रास, कलकत्ता अशा ठिकाणी वर्षानुवर्षे राहिलेली ही माणसे तिथल्या खानसाम्यांच्या हातचे जेवण जेवली होती. पैसा गाठीला बांधून मायदेशी परतल्यावर इंग्लंडचे उकडलेले मांस त्यांच्या घशाखाली उतरेना. लंडनच्या हेमार्केट भागातल्या नॉरिस स्ट्रीटवरील कॉफी हाऊसमध्ये १७७३ साली करी मिळत होती. १७८४ मध्ये पिकॅडिलीतल्या एका सुगंधी द्रव्यांच्या दुकानाने तयार करी पावडरीची जाहिरात केली.

पुढचे बरेचसे या पावडरीने ठरवले. हिंदुस्थानातल्या बंगल्यावर मसाला रोज पाट्यावर ताजा वाटला जाई. माशाला वेगळा, मटणाला वेगळा, भाजीला आणखी वेगळा. लंडनमध्ये पाटा नव्हता आणि वाटणारा तर नव्हताच. तेव्हा धणे, हळद, जिरे, मेथी, मिरे, मिरची यांचे एकच मिश्रण बाटलीत भरून विकणे व्यापाऱ्याला सोयीचे झाले आणि तेच मिश्रण सगळ्याला घालणे गृहिणीला सोयीचे झाले. मलबारची कालवणे, बंगालचे झोल, लखनौचे कोरमे, मद्रासचे मिऱ्याचे पाणी यांत काही फरक असतो, हे त्या बाटलीबरोबर विसरले गेले. भारतात 'करी पावडर' नावाची वस्तू घरोघरी कधीच नव्हती. इंग्लंडमध्ये मात्र कित्येक पिढ्यांना भारतीय जेवण म्हणजे त्या पिवळ्या पावडरीचा वास, इतकेच ठाऊक होते.

लंडनमध्ये भारतीय माणसाने काढलेली पहिली खानावळ १८१० सालची. शेख दीन महंमद हा मूळचा पाटण्याचा. कंपनीच्या बंगाल फौजेत तो गॉडफ्रे बेकर या अधिकाऱ्याच्या आश्रयाने वाढला, त्याच्याबरोबर १७८४ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केले आणि १७९४ साली इंग्रजीतून स्वतःच्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. भारतीयाने इंग्रजीत लिहिलेले हे पहिले पुस्तक समजतात. पोर्टमन स्क्वेअरजवळ जॉर्ज स्ट्रीटवर त्याने 'हिंदुस्तानी कॉफी हाऊस' उघडले. बांबूच्या खुर्च्या, भिंतीवर हिंदुस्थानातली दृश्ये, वेगळ्या दालनात हुक्का आणि पानात भारतीय पदार्थ, असा तो थाट होता. दोन वर्षांत दीन महंमदाचे दिवाळे निघाले. ज्या कंपनीवाल्या धनिकांवर त्याची भिस्त होती, त्यांच्या घरी स्वतःचे स्वयंपाकी होते आणि बाकीच्या लंडनला त्या जेवणाची अजून ओढ नव्हती. पुढे ब्रायटनला वाफेचे स्नान आणि मालिश यांचा धंदा काढून त्याने नाव कमावले. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम हे दोन राजे त्याच्या गिऱ्हाइकांत होते. इंग्रजांना करीपेक्षा चंपी आधी पटली, असे म्हणायला हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकात करी हॉटेलातून नव्हे, घरातून पसरली. रविवारी भाजलेल्या मांसाचा उरलेला थंड तुकडा सोमवारी संपवायचा कसा, हा मध्यमवर्गीय इंग्रज गृहिणीचा नेहमीचा प्रश्न होता. त्याचे उत्तर करीने दिले. कांदा लोण्यावर परतायचा, पावडर घालायची, दाटपणासाठी मैदा भुरभुरायचा, मांस टाकायचे आणि चिंच-कैरी मिळत नसल्याने आंबटपणाला हिरवे सफरचंद किसून घालायचे. कुठे मूठभर बेदाणेही. इसाबेला बीटन यांच्या १८६१ सालच्या गृहव्यवस्थापनाच्या प्रचंड ग्रंथात करीच्या अनेक कृती आहेत आणि घरी पावडर करण्यापेक्षा चांगल्या दुकानातली विकत आणलेली बरी नि स्वस्त, असा सल्लाही आहे. या पावडरीवरचा विश्वास किती आंधळा होता, ते १८४५ मध्ये दिसले. बटाट्याचे पीक बुडून गरिबांची उपासमार होत असताना ड्यूक ऑफ नॉरफोक यांनी सुचवले, की मजुरांनी गरम पाण्यात चिमूटभर करी पावडर टाकून प्यावी, म्हणजे भूक भागते. वर्तमानपत्रांनी या उमरावाची यथेच्छ टर उडवली.

खुद्द हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांच्या टेबलावर याच सुमारास उलटा वारा वाहू लागला होता. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला, विलायतेहून मडमा आणि डबाबंद पदार्थ भराभर येऊ लागले, आणि सरकारी मेजवानीत फ्रेंच नावाचे पदार्थ मांडणे प्रतिष्ठेचे ठरले. करी दुपारच्या जेवणात, शिकारीच्या तळावर नि क्लबात उरली. मद्रासचे कर्नल केनी-हर्बर्ट यांनी 'वायव्हर्न' या टोपणनावाने १८७८ मध्ये काढलेल्या पाकपुस्तकात करीला आलेल्या या उतरत्या कळेबद्दल खंत आहे. इकडे राणी व्हिक्टोरियाने मात्र १८८७ पासून भारतीय नोकर ठेवले आणि राजवाड्यात करी शिजू लागली. म्हणजे साम्राज्याच्या गादीवर करीला मान आणि साम्राज्याच्या अंमलदाराच्या घरी तिची गाठ लंचला.

या काळात मुंबईच्या गोऱ्या घरांमधून एक पदार्थ विलायतेच्या वाटेला लागला, तो गोव्याचा विंदालू. लसूण आणि वाइनमध्ये मुरवलेले मांस पोर्तुगीज खलाशांच्या सवयीचे. गोव्यात वाइनची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरने घेतली, आणि पोर्तुगीजांनीच अमेरिकेहून आणलेली मिरची त्यात आली. सुक्या लाल मिरच्या, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी आणि भरपूर लसूण व्हिनेगरमध्ये वाटून चरबीदार डुकराच्या मांसाला चोळायचे आणि मुरू द्यायचे. शिजवल्यावर तो पदार्थ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक लागतो. गोवेकर ख्रिस्ती आचाऱ्याला गोमांस, डुकराचे मांस, दारू यांपैकी कशाचाच विटाळ नव्हता, त्यामुळे मुंबईत साहेब लोकांकडे त्याला मोठी मागणी असे. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात इंग्रज फौज काही वर्षे गोव्यातच तळ देऊन होती, तीही ओळख कामी आली. आंबट, तिखट, लसणीचा असा हा संयमाने मुरवायचा पदार्थ पुढे विलायतेत कोणत्या थराला गेला, ते खाली येईलच.

विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये भारतीय खानावळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि तिथे मुख्यतः भारतीय विद्यार्थी जेवत. जेरार्ड स्ट्रीटवरची 'शफी' ही त्यांतली प्रसिद्ध. उच्चभ्रू इंग्रज गिऱ्हाइकासाठी काढलेले हॉटेल म्हणजे रीजंट स्ट्रीटवरचे 'वीरास्वामी'. १९२४ च्या वेम्ब्ली येथील साम्राज्य प्रदर्शनात भारतीय विभागातल्या भोजनगृहाशी संबंध असलेल्या एडवर्ड पामर यांनी ते १९२६ मध्ये सुरू केले. पामर हे हैदराबादच्या इंग्रज-मोगल घराण्याशी नाते सांगणारे, लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. फेटेवाले वाढपी, दारात दरवान, संस्थानी सजावट आणि हिंदुस्थानात नोकरी करून परतलेले साहेब, असे तिथले वातावरण. हे हॉटेल आजतागायत चालू असलेले ब्रिटनमधले सर्वांत जुने भारतीय उपाहारगृह गणले जाते आणि २०१६ मध्ये त्याला मिशेलिन तारा मिळाला.

करीच्या इतिहासात वीरास्वामीचे महत्त्व त्याच्या दिवाणखान्यापेक्षा त्याच्या मोरीत जास्त आहे. तिथे भांडी घासणारे, कांदे चिरणारे जे हात होते, त्यांतले बरेच पूर्व बंगालच्या सिल्हेट जिल्ह्यातले होते.

कलकत्त्याहून सुटणाऱ्या आगबोटींच्या भट्टीखान्यात कोळसा ओढण्याचे काम सिल्हेटी मुसलमानांकडे पिढ्यान् पिढ्या होते. बोटीवरची ही सर्वांत खालची आणि सर्वांत जीवघेणी नोकरी. उष्म्याने माणसे कोसळत, पगार गोऱ्या खलाशाच्या तुलनेत नगण्य. त्यामुळे लंडन, कार्डिफ, लिव्हरपूल अशा बंदरांत बोट लागली की काही जण उतरून परत चढतच नसत. अशांना पूर्व लंडनमध्ये आसरा देणाऱ्यांत अयूब अली हे नाव आदराने घेतले जाते. त्यांनी दुसऱ्या महायुद्धापूर्वी कमर्शियल स्ट्रीटवर 'शाह जलाल' नावाची कॉफीची खानावळ चालवली होती. उतरलेल्या खलाशाला हॉटेलातले खालचे काम मिळे आणि तिथे तो साहेबाच्या पसंतीचा कोरमा नि मद्रास करी शिकून घेई. कॅरोलाइन अॅडम्स यांनी १९८७ मध्ये या पहिल्या पिढीच्या आठवणी त्यांच्याच तोंडून गोळा करून पुस्तकात दिल्या आहेत. हा इतिहास कळायला ते पुस्तक वाचावेच.

आपल्या किनाऱ्यावरचे खलाशीही अशाच बोटींवर होते. पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी, तर भटारखान्यात आणि प्रवाशांच्या टेबलाशी गोवेकर असत. स्वयंपाकाचे खरे कसबी हे गोवेकर. पण करी हाऊस काढले ते कोळसा ओढणाऱ्या सिल्हेट्यांनी. भटारखान्यातली नोकरी त्यामानाने बरी होती, आणि सफर संपली की गोवेकराला मुंबईत धोबीतलावला किंवा माझगावला आपल्या गावाची कूड, म्हणजे गावकऱ्यांचे सामाईक बिऱ्हाड, होती. जहाज सोडून परक्या शहरात दडून बसण्याची निकड त्याला तेवढी नसावी.

युद्धानंतर चित्र पालटले. बॉम्बहल्ल्यांत पडझड झालेल्या वस्त्यांमधले चहाचे नि तळलेल्या मासळीचे गाळे स्वस्तात मिळत होते. सिल्हेटी माणसांनी ते घेतले आणि आधी तिथला जुना माल चालू ठेवून सोबत करी-भात ठेवला. दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवायचे, हा त्यांचा हुकमी एक्का. रात्री साडेदहा-अकराला पब बंद झाले की बाहेर पडणाऱ्या भुकेल्या, थोड्या झिंगलेल्या तरुणांना दुसरे काही उघडे सापडत नसे. चिप्सवर थोडी करी ओतून घेण्यापासून सुरुवात होई, आणि पुढल्या खेपेला गडी टेबलावर बसून मेनूकार्ड मागे. ब्रिटनमधल्या सामान्य माणसाने भारतीय जेवण पहिल्यांदा चाखले ते बहुतेक असे, रात्री अकरानंतर. १९४७ च्या सार्वमताने सिल्हेटचा मोठा भाग पूर्व पाकिस्तानात गेला, १९७१ मध्ये तो बांगलादेश झाला. पण दुकानावरची पाटी 'ताजमहाल', 'कोहिनूर', 'स्टार ऑफ इंडिया' अशीच राहिली. गिऱ्हाइकाला जे नाव कळते तेच पाटीवर लावायचे, हा साधा व्यवहार होता.

मेनूकार्डही त्याच हिशेबाने बनले. ज्याला काहीच माहीत नाही अशा गिऱ्हाइकाने घाबरू नये, आणि दुसऱ्यांदा आला तर त्याला पुढची पायरी सापडावी, अशी ती रचना होती. सर्वांत सौम्य कोरमा, त्यावर मद्रास, त्यावर विंदालू, आणि पैज मारणाऱ्यांसाठी 'फाल'. मोगलाई कोरमा हा दह्यात, सुक्या मेव्यात मंद शिजवलेला शाही प्रकार. विलायतेत तो नारळाची भुकटी, साखर आणि क्रीम घातलेली गोड करी झाला. मद्रास करी चेन्नईत कोणी ओळखणार नाही. फाल भारतात कुठेच नाही. विंदालूतले डुकराचे मांस मुसलमान मालकाच्या स्वयंपाकघरात येणे शक्यच नव्हते. मुरवण गेली, व्हिनेगर नावापुरते उरले, बटाटा शिरला, आणि उरला तो नुसता जाळ. १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकात इंग्लंडच्या चाहत्यांनी उचलून धरलेल्या गाण्याचे नाव 'विंदालू' होते. गोव्यातल्या कुठल्याही आजीने ते ऐकून कपाळाला हात लावला असता.

सर्वांत विचित्र गत झाली ती धनसाकची. मुंबईच्या पारशी घरात धनसाक म्हणजे रविवारच्या दुपारची चैन: अनेक डाळी, भोपळा, वांगे, मेथी आणि मटण एकत्र शिजवून घोटलेले, सोबत तपकिरी भात नि कबाब, मग झोप. घरात मृत्यू झाला तर चौथ्या दिवसापर्यंत मांस वर्ज्य असते आणि ते पाळणे धनसाकने सुटते. म्हणून लग्ना-मुंजीसारख्या शुभ प्रसंगी पारशी तो करत नाहीत. करी हाऊसमध्ये त्याची ओळख 'मध्यम तिखट, आंबटगोड, मसुराची डाळ घातलेली करी' एवढीच, आणि अनेक ठिकाणी वरून डब्यातल्या अननसाचे तुकडे. शुभ प्रसंगी धान-दाळीबरोबर खातात तो पारशी पातियोही त्याच कार्डावर 'पाथिया' होऊन शेजारी बसला. शुभ आणि अशुभ दोन्ही एकाच किमतीला, भात वेगळा.

हे सारे कसे शिजते, ते करी हाऊसच्या मागल्या बाजूला गेल्यावर कळते. दुपारी पोतेभर कांदे सोलून मोठ्या पातेल्यात पाणी, तेल, आले-लसूण, थोडा टोमॅटो, एखादे गाजर, हळद-धणे-जिरे घालून कांदा पार विरघळेपर्यंत उकळतात आणि मग दळून गुळगुळीत, पातळ रस्सा करतात. हा 'बेस'. कोंबडी आणि मटण आधीच शिजवून ठेवलेले. मसाल्याचे एकच मिश्रण डब्यात तयार. संध्याकाळी ऑर्डर आली की अॅल्युमिनियमच्या लांब दांड्याच्या तव्यात भरपूर तेल, आले-लसणाची गोळी, चमचाभर मिश्रण, टोमॅटोचा गर, आणि आच भडकलेली असतानाच बेसची पळी. रस्सा कडेला लागून आटू लागला की पुन्हा पळी, पुन्हा आटवणे. त्या करपत्या कडेतच करी हाऊसची ती खास चव असते. शेवटी एका हाताने डाळ टाकली की धनसाक, क्रीम टाकले की कोरमा, मिरचीचे तीन चमचे टाकले की विंदालू. पाच-सात मिनिटांत बशी बाहेर. पन्नास पदार्थांचे कार्ड दोन आचारी सांभाळू शकतात ते यामुळे.

या पद्धतीची टिंगल करणे सोपे आहे, आणि भारतातून गेलेल्या पाहुण्यांनी ती मनसोक्त केलीही आहे. पण पुणे-मुंबईच्या किंवा महामार्गावरच्या कुठल्याही 'पंजाबी' हॉटेलात डोकावले तर लाल, पिवळी आणि पांढरी अशा तीन ग्रेव्ह्या तयार असतात आणि कोल्हापुरीपासून शाही पनीरपर्यंत सगळे त्यांतूनच निघते. दोन्हीकडे कारण एकच: कमी माणसांत, कमी वेळात, मोठे कार्ड. सिल्हेट्यांनी फसवणूक केली नाही, त्यांनी खानावळ चालवली. स्वतः ते जे जेवत ते मात्र कार्डावर कधीच आले नाही. दुकान बंद झाल्यावर मागच्या बाजूला नोकरमंडळींसाठी जो रस्सा शिजे त्यात हाडे असत, मोहरीच्या तेलाचा वास असे, सुकी मासळी असे, सिल्हेटचे सातकरा नावाचे जाड सालीचे कडसर लिंबू असे. इंग्रज गिऱ्हाईक पन्नास वर्षे सिल्हेट्याच्या हातचे जेवले आणि सिल्हेटचे जेवण त्याने चाखले नाही.

साठच्या दशकात तंदूर लंडनला पोहोचला. पेशावरकडची ही भट्टी फाळणीनंतर दिल्लीत दर्यागंजच्या 'मोती महल'ने हॉटेलात रुजवली होती. तंदुरी कोंबडीचा कोरडा तुकडा रश्श्याची सवय झालेल्या ब्रिटिश जिभेला अपुरा वाटला आणि त्यातून चिकन टिक्का मसाला जन्मला. त्याच्या जन्माचे दावे बरेच आहेत. सर्वांत गाजलेला ग्लासगोच्या 'शीश महल'चा: टिक्का कोरडा आहे अशी तक्रार आल्यावर मालक अली अहमद अस्लम यांनी टोमॅटोच्या सूपमध्ये मसाला आणि क्रीम घालून त्यावर ओतले. अस्लम २०२२ च्या डिसेंबरात वारले तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यांची दखल घेतली. दिल्लीचे बटर चिकन त्याआधीचे आहे, टिक्क्यावर टोमॅटोचा रस्सा घालणे कोणालाही सुचू शकते, त्यामुळे हा वाद सुटणारा नाही. १९ एप्रिल २००१ रोजी परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी भाषणात या पदार्थाला ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ म्हटले आणि ते वाक्य मूळ भाषणापेक्षा मोठे झाले. बर्मिंगहॅमच्या पाकिस्तानी, मुख्यतः काश्मिरी वस्तीत सत्तरच्या दशकात निघालेली बाल्टी हा त्याच जातीचा दुसरा प्रकार: पातळ पत्र्याच्या कढईत भडक्या आचेवर शिजवायची, त्याच कढईत वाढायची, आणि टेबलभर पसरणाऱ्या नानने खायची.

घरात करी पुन्हा शिरली ती खोक्यातून. साठच्या दशकातल्या 'व्हेस्टा' करीत सुकवलेले मांस आणि बेदाणे असत. पाणी घालून उकळले की झाले. केनियातून १९५६ मध्ये आलेल्या लक्ष्मीशंकर पाठक यांनी समोसे-मिठाईपासून सुरुवात करून लोणची नि मसाल्याच्या तयार पेस्टचा 'पटाक्स' हा मोठा उद्योग उभारला. मधुर जाफरी यांची बीबीसीवरची मालिका १९८२ ची. पावडरीच्या बाटलीऐवजी आख्खे जिरे तेलात फोडायला कित्येक इंग्रज घरे तिथे शिकली. आणि सुपरमार्केटच्या थंड कपाटातला तयार टिक्का मसाला मोठ्या प्रमाणावर पोहोचवला तो मुंबईच्या माणसाने. गुलाम नून यांच्या कुटुंबाचे मुंबईत 'रॉयल स्वीट्स' हे मिठाईचे दुकान होते. लंडनच्या साऊथॉल भागात आधी मिठाई, मग तयार जेवणाचा कारखाना काढून त्यांनी मोठमोठ्या दुकानसाखळ्यांना माल पुरवला. पुढे ते हाऊस ऑफ लॉर्ड्सचे सभासद झाले.

मुंबईचे नाव विलायतेच्या मेनूकार्डावर फार पूर्वीपासून आहे, पण भलत्याच वस्तूंवर. 'बॉम्बे पोटॅटो' मुंबईत मिळत नाही. कांदाभजी तिथे चेंडूसारखी गोल, आतून मऊ. आपल्या खेकडा भजीचा कुरकुरीतपणा तिला नाही. खरा मुंबईचा पदार्थ एकच होता, सुका बोंबील. 'बॉम्बे डक' या नावाने तो तळून, चुरून करीवर घालण्याची सवय कंपनीच्या काळापासूनची. १९९७ मध्ये युरोपीय नियमांमुळे त्याची आयात बंद पडली, कारण किनाऱ्यावर उघड्यावर वाळवलेली मासळी मान्यताप्राप्त कारखान्यातली नव्हती. बोंबीलप्रेमी इंग्रजांनी त्यासाठी रीतसर मोहीम चालवली. काही वर्षांनी तोडगा निघाला: बोंबील उन्हात वाळवा, पण पॅकिंग मान्यताप्राप्त ठिकाणी करा. वर्सोवा-सातपाटीच्या वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलासाठी ब्रुसेल्सला फायली हलल्या, ही गोष्ट मराठी वाचकाला सुखावणारी आहे.

प्रांताप्रांतांचे जेवण वेगवेगळे असते, हे लंडनच्या उच्चभ्रू गिऱ्हाइकाला पहिल्यांदा नीट दाखवले ते ताज हॉटेल समूहाच्या 'बॉम्बे ब्रासरी'ने, १९८२ मध्ये. गोव्याचे माशाचे कालवण, पारशी पदार्थ आणि चौपाटीची चाट तिथे एका कार्डावर आली. मुंबईचे पारशी आचारी सायरस तोडीवाला यांनी १९९५ मध्ये 'कॅफे स्पाइस नमस्ते' उघडून धनसाकला त्याचे मूळ रूप आणि विंदालूला त्याचे मांस परत दिले. २००१ मध्ये अतुल कोचर आणि मुंबईचे विनीत भाटिया यांना मिशेलिन तारे मिळाले. हा मान त्याआधी कोणत्याही भारतीय आचाऱ्याला मिळाला नव्हता.

मराठी जेवण या सगळ्या काळात लंडनमध्ये होते, फक्त ते करी हाऊसमध्ये नव्हते. महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ ची. विदर्भातून गेलेल्या, अक्षरओळख नसलेल्या राधाबाई वनारसे यांनी लंडनमध्ये मराठी मंडळींसाठी खानावळ चालवली. सरोजिनी वैद्य यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे त्या 'लंडनच्या आजीबाई' म्हणून महाराष्ट्राला माहीत झाल्या. वरण-भात, पोळी, उसळ जेवायला तिथे घरचीच माणसे येत. आमटी ही करीच्या शिडीवरची पायरी नव्हे; ती ना कोरमा ना विंदालू. इंग्रज गिऱ्हाइकाला तिची ओळख करून द्यावी असे मराठी माणसाला फारसे वाटलेही नाही. २०१० मध्ये हाउन्सलोला निघालेल्या 'श्री कृष्ण वडापाव'ने ती वाट थोडी उघडली, तीही रस्त्यावरच्या खाण्याने.

शतक पालटले तेव्हा ब्रिटनमधल्या करी हाऊसांची संख्या सुमारे आठ हजार धरली जाई आणि त्यांतली बहुसंख्य सिल्हेटी कुटुंबांची होती. त्यानंतर उतार लागला. मालकांची मुले डॉक्टर, वकील, हिशेबनीस झाली; रात्री दोनपर्यंत तव्यापुढे उभे राहायची त्यांची तयारी नाही, आणि बापालाही ते नको आहे. बांगलादेशातून आचारी आणायला व्हिसाचे नियम आणि किमान पगाराची अट आड येते. २०१६ च्या सार्वमतात या धंद्यातल्या काही पुढाऱ्यांनी युरोपबाहेरच्या आचाऱ्यांना दार उघडेल या आशेने ब्रेक्झिटची बाजू घेतली. ती आशा फोल ठरली. मद्रास, कोरमा आणि विंदालू आता सुपरमार्केटच्या डब्यांवर मिरचीच्या लहान-मोठ्या खुणांनिशी विकले जातात. पूर्व लंडनमधल्या ब्रिक लेनच्या आसपास मात्र काही साध्या बांगलादेशी खानावळींत सातकरा घातलेला मांसाचा रस्सा आणि सुकी मासळी उघडपणे मिळते. तिथे जेवायला येणारे गिऱ्हाईक अजून तरी मुख्यतः सिल्हेटीच आहे.